रबराला मलम चालत नाही

जालना,
बुधवार

प्रिय अंगद,

खोकं उघडलंस म्हणजे वरचे लायनर बघितलेच असशील. दूध काढायच्या मशीनची ही रबरी नळकांडी तूच राधेश्यामच्या दुधाच्या गाडीवर निरोप धाडून मागवली होतीस. त्यांच्या खाली जी पांढरी ट्यूब आणि ही पानं आहेत, ती मात्र मशीनची नाहीत. गोठ्यात उभ्याउभ्या वाचू नकोस. मळ्यातल्या खोलीत जा, कडी लाव आणि मग वाच. फोनवर लिहिलं असतं, पण तुझा फोन म्हणजे घरातला तांब्या, ज्याला तहान लागली त्याने उचलावा. त्यावर मीनावहिनी माहेरी बोलणार, सोनूआत्या भजनं ऐकणार. मशीनच्या खोक्याला मात्र तुमच्या घरात कुणी बोट लावत नाही, काही मोडलं तर आपल्यावर येईल या भीतीने.

सकाळपासून लिहायला बसतोय आणि उठतोय. मध्येच चहा पिऊन आलो, तो गोड होता की अगोड तेही कळलं नाही. मघाशी एक गिऱ्हाईक बिघडलेली मशीन घेऊन आलं तर त्याला उद्या या म्हणून घालवलं, आणि तो गेल्यावर वाटलं, थांबवायला पाहिजे होतं, तेवढाच वेळ ढकलता आला असता. जे सांगायचंय ते मनात आलं तरी कान तापतात. पण रविवारी तू पिंपळगाव रेणुकाईला मुलगी बघायला निघाला आहेस. मला कसं कळलं ते नंतर सांगतो. तुला लग्नाची घाई झालेली नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. रामनवमीपासून मी तुमच्या गावाकडे फिरकलो नाही. पोळ्याला आलो नाही, दिवाळीला आलो नाही, फोनवर बोललो तेही मशीनपुरतं. त्यावरून तू धरून चाललास की धम्मपालचं मन भरलं, आता आईला कशाला रडवायचं. माझं मन भरलेलं नाही, अंगद. रविवारच्या आत तुला हे कळलं पाहिजे, नाहीतर तू हो म्हणून मोकळा होशील आणि मी इथे पान्हे मोजत बसेन.

तू गणपतीत फोन करून विचारलं होतंस, आमच्या भुजंगकाकांचं बोलणं लागलं का म्हणून. लागलं होतं. रामनवमीच्या आधीच्या खेपेला जेवायची वेळ झाल्यावर ते म्हणाले, मिस्तरीचं ताट बाहेर वट्ट्यावर द्या. पण त्याचं उत्तर मी तिथल्या तिथे दिलं होतं, की मशीन आत येऊन बसवली, जेवायला बी आतच बसतो. आणि बसलो. तू माझ्या शेजारी पाट ओढून घेतलास, आणि मीनावहिनींनी दोघांना सारखंच वाढलं. असल्या बोलण्याशी भांडायला मी लहानपणीच शिकलोय, घरातून शिकवून पाठवलंय मला. त्यासाठी मी तुला सोडून जाईन असं तुला वाटलं, याचाच मला जास्त राग आला. मग तू विचारलंस, दुसरं कुणी भेटलं का. त्यावर मी फोनच ठेवला. तेव्हा खरं काय ते सांगायला पाहिजे होतं, पण दुकानात लोक होते, आणि खरं सांगायचं तर लोक नसते तरी जीभ रेटली नसती.

मला दुखायचं. एवढंच आहे ते. आपण मागून करायचो तेव्हा मला दुखायचं, अगदी पहिल्यापासून, आणि दर वेळी. तू विचारत नव्हतास असं नाही. तुझ्यासारखं विचारणारं माणूस मिळालं हे माझं नशीबच. 'बराबर हाय का?' असं तू विचारायचास आणि मी उशीत तोंड खुपसून 'बराबर' म्हणायचो. महिन्या-दोन महिन्यांतून एखादी दुपार पदरात पडायची, त्यातही अर्धा कान फाटकाच्या कडीकडे. अशा वेळी थांब म्हणायचं आणि तुझा चेहरा पडलेला बघायचा, हे मला नको होतं. शिवाय माझी अशी समजूत होती की हे असंच असतं, सगळेच सोसत असतील, आपणच नाजूक. विचारणार कुणाला? मोबाइलवर जे दिसतं त्यात कुणालाच काही दुखत नाही, आणि कुणी काही लावतानाही दिसत नाही. आपण थुंकीवर भागवलं, ती तर लगेच सुकते. मग तू खोबरेल आणलंस. आणि मग तुझं ते पिवळं मलम.

त्या मलमावर मी पोटभर हसूनही घेतलंय आणि चिडूनही घेतलंय. गायीच्या सडांना चिरा पडू नयेत म्हणून धार झाल्यावर तू चोळतोस ते. तुझ्या मते जगातली सगळी दुखणी त्या एका डब्यात बरी होतात. वहिनींच्या टाचा, आत्यांची कोपरं, झालंच तर ट्रॅक्टरच्या सीटवर घासलेलं तुझं बूड. 'गायीच्या सडाला काय व्हत न्हाई, मंग आपल्याला काय व्हतंय,' असं तू म्हणालास आणि मला ते पटलं. मला पटायला नको होतं. तुमच्या गोठ्यात पहिल्यांदा मशीन बसवायला आलो तेव्हा मीच तुला बजावून सांगितलं होतं की मलम लावायचं ते धार काढून झाल्यावर, आधीचं असेल तर सड स्वच्छ पुसून घ्यायचे, कारण तेलकट लागलं की रबर फुगतं, ढिलं पडतं आणि चिरतं. तू तेव्हा मान डोलावलीस आणि मी काय हुशार म्हणून बघत राहिलास. त्याच बघण्यावर तर सगळं सुरू झालं. हीच गोष्ट गावोगाव सांगून मी पोट भरतो, आणि तुझ्या खोलीत तेच मलम आणि तसलंच रबर, फक्त पातळ, तर दोघांच्याही डोक्यात उजेड पडला नाही. कंडोम रबराचाच असतो, हे आपण विसरलोच.

रामनवमीला तुमच्या घरचे सगळे उत्सवासाठी जांबला गेले होते. तू मोटर चालू करायला बाहेर गेलास, तेवढ्यात मी बघितलं. कंडोम उभा फाटला होता आणि चादरीला रक्त लागलं होतं. मी चादर उलटी केली, फाटलेलं कागदात गुंडाळून खिशात घातलं, आणि तू आत आलास तेव्हा हसून म्हणालो की घनसावंगीला एक मशीन बघायची आहे, निघतो. तिथे कुठली आलीय मशीन. मोटरसायकलवर अर्धा उभा राहूनच जालना गाठलं. खड्डा आला की देव आठवत नव्हते, तूच आठवत होतास, आणि तेही शिव्यांसकट. तुझ्यावर राग नव्हता, पण जवळ दुसरं कुणी नव्हतं ना राग काढायला. त्यानंतर तुझा फोन आला की हातातला पान्हा खाली ठेवायचो आणि पुन्हा उचलायचो. तुला भेटावंसं वाटायचं आणि त्याच वेळी ते दुखणं आठवून अंग आकसायचं. दोन्ही एकदम. असं कुणाला सांगून कळेल का, मला माहीत नाही. तुला कळेल असं वाटतं.

उलगडा झाला तो भलत्याच ठिकाणी. अंबडच्या पुढे केशरबाई म्हणून एक आहेत, दोन गाईंच्या मालकीण. पंधरवड्याने त्यांच्याकडे गेलो तर लायनर फुगून बोंड झालेले. मी विचारलं, मलम आधी लावता का, तर हो म्हणाल्या, आणि वर मलाच म्हणाल्या, 'आवं, मलम चांगलंच हाय ना, मंग रबराला का चालंना?' मी नेहमीचं भाषण सुरू केलं, तेल आणि रबर यांचं पटत नाही, बघता बघता त्याचा जोर जातो, आणि मध्येच माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. केशरबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या, ऊन लागलं म्हणून. मी तसाच परत आलो, दुकानात मागच्या बाजूला बसून एक नवा कंडोम दोन हातांनी ताणला आणि आपल्या दुकानातल्या मलमाचं बोट त्यावर फिरवलं. थोड्याच वेळात टचकन फाटला. खोबरेलाने पण तेच. मग मला घाम फुटला, कारण फाटला याचा अर्थ नुसतं दुखणं नव्हे. आपण दोघांनीही कधी तपासणी केलेली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी सरकारी दवाखान्यात गेलो, रक्ततपासणीच्या समुपदेशन खोलीत. तिथे बेबीनंदा मॅडम बसतात. मी आधी गॅस झालाय म्हणालो, मग मूळव्याध म्हणालो. त्यांनी दार लोटलं आणि म्हणाल्या, 'दादा, माणसासोबत हाये का बाईसोबत, मला दोन्ही सारखंच. दुखलं कुठं आन् कंडोम फाटला का, ते सांगा.' तुझं नाव त्यांनी विचारलंही नाही. मला एवढं हलकं वाटलं की मी सगळं सांगून टाकलं, गायीच्या मलमासकट. त्या हसल्या नाहीत, म्हणजे ओठ दाबले होते त्यांनी, पण हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की त्या जागेला स्वतःचा ओलावा नसतो आणि आतलं अस्तर फार पातळ असतं. बाहेरून जे लावू तेवढंच. कोरडं घासलं की बारीक चिरा पडतात, डोळ्याला दिसतही नाहीत अशा, आणि एचआयव्ही म्हणा, दुसरे आजार म्हणा, त्यातूनच आत शिरतात. कंडोम फाटला तर लगेच यायचं, तीन दिवसांच्या आत सुरू करायच्या गोळ्या असतात, आणि जितकं लवकर तितकं बरं. माझी ती वेळ टळून गेली होती. रक्त दिलं, निकाल चांगला आला, पण त्या म्हणाल्या तीन महिन्यांनी परत या. ते तीन महिने मी कसे काढले ते विचारू नकोस. तुझ्या फोनला हू की चू केलं नाही ते याच दिवसांत. आषाढात परत गेलो, तोही निकाल चांगला आला. मला तेव्हाच तुझ्याकडे यायला पाहिजे होतं, पण भीती रिपोर्टने जाते थोडीच.

आता त्या ट्यूबबद्दल. ती मिळवायला मला काय काय करावं लागलं ते ऐकलंस तर तू खाटेवरून पडशील. पहिल्या मेडिकलवाल्याला मी बारीक आवाजात ल्युब्रिकंट आहे का विचारलं, तर तो मोठ्या आवाजात म्हणाला, 'गाडीचं का? ते ऑइलवाल्याकडं, पुढल्या चौकात.' मागे उभ्या असलेल्या माणसाने मला रस्तासुद्धा समजावून सांगितला. दुसऱ्याने डोळा मारून एक जेली दिली, सुन्न करणारी, लघवीची नळी घालताना वापरतात तसली. मला वाटलं हेच पाहिजे, दुखणारच नाही. ती मॅडमना दाखवली तर त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, दुखणं म्हणजे थांबा म्हणायची शरीराची पद्धत आहे, तेच बंद केलं तर आत फाटलेलं कळणार कसं? तिसरी मागवली ती स्ट्रॉबेरीच्या वासाची, वर गरम वाटेल असं लिहिलेलं. हाताच्या आतल्या बाजूला थोडी लावून बघितली तर तिथेच चुणचुण सुटली, मग दुसरीकडे लावायची हिंमतच केली नाही. शेवटी ही सापडली. पाण्यात तयार केलेली, घट्टसर, ना वास, ना रंग, ना गरम, ना थंड. कंडोमला काही होत नाही, पाण्याने धुतली जाते. सिलिकॉनची पण असते, ती जास्त वेळ टिकते आणि रबराला तीही चालते, पण महाग आहे, आणि तुझ्या शहाबादी फरशीवर सांडली तर दोघांपैकी एकाचं हाड नक्की मोडेल.

वापरायची कशी तेही लिहितो, तोंडाने सांगायची पाळी आली तर मी परत 'बराबर' म्हणून मोकळा होईन. काटकसर करू नकोस. तू खताची गोणी टाकताना सढळ असतोस आणि इथे मात्र वाटाणाभर घेशील, मला माहीत आहे. भरपूर घ्यायची, कंडोम चढवल्यावर त्याच्या बाहेरून सगळीकडे आणि मला पण. ही सुकते, म्हणून मध्येच थांबून परत लावायची, त्यात कुणाची शान जात नाही. नखं आधी कापायची. पहिल्यांदा बोट, तेही सावकाश, आणि मी श्वास सोडून सैल झाल्याशिवाय पुढे काही नाही. कधी कधी त्या दिवशी जमणारच नाही, मग नाही जमलं, आपण शेंगा खात बसू. आणि ते पिवळं मलम खोलीत दिसलं तर मी ते विहिरीत टाकीन. मॅडम म्हणाल्या की रक्त आलं तर नंतरही लपवायचं नाही, थांबत नसेल तर डॉक्टरकडे जायचं, मूळव्याधीची नाटकं न करता. आणि एक तुझं काम आहे. तूही रक्त तपासून घे. मी सोबत येतो. मॅडम तुझी गंमत करणार नाहीत, मीच करीन.

हे सगळं मी वाचून लिहीत नाहीये. दसऱ्याच्या सुमारास एका दुपारी दुकान बंद ठेवून मी घरी एकट्याने करून बघितलं, माझ्याच बोटाने. घाई नव्हती, फाटकाची कडी नव्हती, कुणाला खूश करायचं नव्हतं. दुखलं नाही. अंगद, जरासुद्धा दुखलं नाही. मी आधी विश्वासच ठेवला नाही, मग हसायला आलं, आणि मग जे रडू फुटलं ते आवरेना. माझ्यातच काहीतरी खोट आहे, माझं शरीर तुझ्यासाठी बनलेलंच नाही, असं मी मनाशी पक्कं करून बसलो होतो. शेजारच्या उषाबाईंनी दार वाजवून विचारलं, घरी काय वाईट घडलं का. मी म्हणालो, चांगलंच घडलंय. त्यांना काय कळणार होतं. त्याच वेळी तुझ्याकडे यावंसं इतकं वाटलं की गाडीची किल्ली हातात घेतली होती. पण तोवर तू फोन करणं बंद केलं होतंस, आणि मी मानी माणूस, आधी तो करेल म्हणून बसून राहिलो. दोघेही बसून राहिलो आणि मध्ये तुझ्या आईने मुलगी शोधली.

आता मला कसं कळलं ते. काल मीनावहिनींचा फोन आला. म्हणाल्या, 'धम्मपालभाऊ, रव्वारी पोरगी बघाया चाललो, तुमी बी चला. तुमच्या दोस्ताच्या तोंडातून शब्द निघंना झालाय, तुमी संगं आसले का जरा बोलंल तरी. जीप जालन्यातूनच जाती, तुमाला दुकानापासून घेऊ.' मुलीचं नावही सांगितलं, आकांक्षा, शिकलेली आहे, मास्तरीण व्हायचंय तिला. मी हो म्हणालो. नाही म्हणायला काय कारण देणार होतो? तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. डोळ्यांसमोर तेच येतं, तू खाली मान घालून पोह्याची बशी धरून बसलायस, ती पोरगी समोर आहे, आणि तुझ्या शेजारी मी, तुझा दोस्त, तुझ्या वतीने मुलगा कसा चांगला आहे ते सांगतोय. त्या मुलीने आपलं काय वाकडं केलंय की तिला आयुष्यभर तुझं गप्प बसणं सोसायला लावायचं? सोसून काय होतं ते मला विचार. लायनर, मलम, ट्यूब, एवढी पानं भरली, कारण 'जाऊ नकोस' हे दोन शब्द नुसते लिहायला हात धजत नव्हता. आता लिहिले. आईला काय सांगायचं, केव्हा सांगायचं, ते आपण दोघं मिळून बघू, एका दिवसात होणारं काम नाही ते. पण रविवारी जीप दुकानासमोर थांबेल, वहिनी मागच्या सीटवर सरकून माझ्यासाठी जागा करतील. मी चढणार नाही. तू उतर.

तुझाच, आणि या वेळी खरं बोलणारा,
धम्मपाल